आधी ऐका, मग पाहा: सॅव्हिअन ग्लोव्हर यांचा टॅप

टॅप नृत्याच्या बुटाला चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा धातूच्या पट्ट्या असतात. एवढ्या सामग्रीवर नर्तक सॅव्हिअन ग्लोव्हर यांनी न्यूयॉर्कची ब्रॉडवे रंगभूमी गाजवली. टॅप हा डोळ्यांआधी कानांचा विषय आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं.

1973 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये जन्मलेला हा मुलगा आधी ड्रम शिकला आणि मग टॅपकडे वळला. लहान वयातच ब्रॉडवेवरच्या 'द टॅप डान्स किड' या संगीतिकेत त्याला मुख्य भूमिका मिळाली. 1989 च्या 'ब्लॅक अँड ब्लू'साठी टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. खरी तालीम मात्र जिमी स्लाइड, चक ग्रीन, ग्रेगरी हाइन्स अशा ज्येष्ठांच्या सहवासात झाली. हॉलिवूडच्या गुळगुळीत, हसऱ्या टॅपपेक्षा या ज्येष्ठांची चाल वेगळी होती: गुडघे सैल, वजन जमिनीकडे आणि सारं लक्ष लयीवर.

ही लय आली कुठून? 1739 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या गुलामांनी बंड केलं. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने त्यांना ढोल बाळगायला बंदी घातली. ढोल गेले, पण ठेका हातापायांत उरला. पुढे आफ्रिकी लय आणि आयरिश पदन्यास यांच्या मिश्रणातून टॅप घडला.

हाच इतिहास ग्लोव्हर आणि दिग्दर्शक जॉर्ज वुल्फ यांनी 'ब्रिंग इन द नॉइज, ब्रिंग इन द फंक' या संगीतिकेत पायांनी मांडला. गुलामांच्या जहाजापासून कृष्णवर्णीयांसाठी न थांबणाऱ्या न्यूयॉर्कच्या टॅक्सीपर्यंत. वादक भांडी आणि डबे बडवत होते. एका प्रवेशात ग्लोव्हर प्रेक्षकांकडे पाठ करून आरशांसमोर नाचत आणि आपल्या गुरूंच्या लकबी एकेक करून उलगडत. 1996 मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या या प्रयोगाने त्यांना नृत्यदिग्दर्शनाचा टोनी मिळवून दिला. ब्रॉडवेवर त्याचे एकूण 1,135 प्रयोग झाले.

'हॅपी फीट' (2006) या ॲनिमेशनपटातला नाचरा पेंग्विन आठवतो? त्याची पावलं ग्लोव्हर यांचीच; त्यांच्या हालचाली मोशन कॅप्चर तंत्राने टिपून त्या पेंग्विनला दिल्या गेल्या.

'ब्रिंग इन द नॉइज, ब्रिंग इन द फंक'च्याच संचात तयार झालेले टॅपनर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ पुढे कथकगुरू पंडित चित्रेश दास यांच्यासोबत 'इंडिया जॅझ स्वीट्स' हा कार्यक्रम घेऊन भारतात आले. घुंगरू आणि टॅपच्या बुटांची सवाल-जवाबाची ती मैफल 'उपज' या माहितीपटात पाहायला मिळते. कथकमधले तत्कार आणि तिहाई ऐकून कान तयार झालेल्या रसिकांनी टॅपची ओळख करून घ्यायला तिथूनच सुरुवात करावी.