चित्ता थेट जीपच्या टपावर! मसाई मारात असं का होतं?

मुलांच्या हातात वेफर्स, बाबांचा कॅमेरा लांबच्या झाडावर रोखलेला आणि चित्ता मात्र डोक्यावर, जीपच्या टपावर! केनियातील मसाई मारात सहकुटुंब सफारीला गेलेल्यांचे असे व्हिडिओ अनेकदा व्हायरल होतात. चित्त्याला माणसांशी मैत्री करायची असते का? अजिबात नाही.

मारा म्हणजे मोकळं गवताळ रान. चित्ता मुख्यतः दिवसा, नजरेच्या जोरावर शिकार करतो. सावज हेरायला आणि सिंह, तरस जवळपास नाहीत ना हे पाहायला त्याला उंचवटा लागतो. वारूळ चालतं, तशी जीपही चालते.

उंच जागी मल-मूत्राने खूण करणं हीसुद्धा त्याची रीत. बीबीसीच्या ‘बिग कॅट डायरी’चे सादरकर्ते जोनाथन स्कॉट यांना ती भोवली. ‘किके’ नावाच्या चित्ता मादीने उघड्या टपातून थेट त्यांच्यावरच कार्यभाग उरकला!

अशा वेळी हात लावू नका, सेल्फीसाठी उठू नका. ड्रायव्हरला ‘गाडी काढा’ म्हणून घाईही करू नका. गाडी अचानक हलली तर चित्ता पडू शकतो. धावण्यावर पोट असलेल्या प्राण्याला साधा मुरगळलेला पायही उपाशी ठेवतो. टेहळणी झाली की तो आपणहून उतरतो. तोवर डोक्यावर टोपी असलेली बरी.