चिठ्ठी, जाकीट आणि विमानातला कुत्रा

‘डॉक्टरांकडून इमोशनल सपोर्टची चिठ्ठी आणा, कुत्रा फुकटात केबिनमध्ये नेता येतो.’ अमेरिकेतल्या विमानप्रवासाबद्दल हा सल्ला अजूनही ऐकू येतो. एकेकाळी तो बरोबरही होता. पण ११ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी परिवहन विभागाचे नवे नियम लागू झाले आणि भावनिक आधारासाठी पाळलेल्या प्राण्याला साधा पाळीव प्राणी मानण्याची मुभा विमान कंपन्यांना मिळाली. मोठ्या कंपन्यांनी ती लगेच वापरली. आता अशा प्राण्याचे भाडे भरावे लागते आणि केबिनमध्ये न्यायचा तर तो सीटखालच्या पिशवीत मावावा लागतो.

हा बदल उगाच झाला नाही. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर एक प्रवासी भावनिक आधारासाठी चक्क मोर घेऊन आली आणि युनायटेड एअरलाइन्सने त्याला विमानात घ्यायला नकार दिला. त्या बातमीवर जग हसले, पण खरा त्रास अंध प्रवाशांना होत होता. विमानतळावरची गर्दी न शिकवलेल्या कुत्र्याला झेपत नाही. तो भुंकतो, अंगावर जातो. त्याने मार्गदर्शक कुत्र्यावर झडप घातली, तर ज्याच्या भरवशावर मालक चालतो तो कुत्राच बिथरतो.

नियमांच्या या बदलातून दुसरा गैरसमज पसरला की, मानसिक आजार असलेल्यांना आता कुत्रा नेता येत नाही. मला हा सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो ऐकून खरे हक्कदार मागे हटतात. उलट याच नियमांनी मानसिक आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्याला मार्गदर्शक कुत्र्याच्या बरोबरीने बसवले. त्याआधी अशा प्रवाशांकडून डॉक्टरांचे वेगळे पत्र मागितले जाई. फरक आजारात नाही, कुत्र्याच्या कामात आहे. मालकाला भयंकर स्वप्न पडले की जागे करणे, घबराटीचा झटका येताच अंगावर रेलून त्याला सावरणे, औषधाच्या वेळी ढोसणे ही शिकवलेली कामे झाली. कुत्रा जवळ असला की बरे वाटते, हे कितीही खरे असले तरी नियमाच्या लेखी ते काम नाही.

काम शिकवणारी संस्थाच हवी असेही नाही. मालक स्वतः शिकवू शकतो. अशा शिकवलेल्या कुत्र्याची, म्हणजे सर्व्हिस डॉगची, केंद्र सरकारी नोंदणी अमेरिकेत अस्तित्वातच नाही. त्यामुळे इंटरनेटवर विकली जाणारी प्रमाणपत्रे आणि ओळखपत्रे यांना कायद्यात शून्य किंमत आहे. कंपनी मागू शकते तो परिवहन विभागाचा फॉर्म. त्यात कुत्र्याचे लसीकरण, वागणूक आणि प्रशिक्षण यांबद्दल मालकाने सही करून हमी द्यायची असते. उड्डाण आठ तासांचे किंवा अधिक असेल, तर शी-शूच्या सोयीचा आणखी एक फॉर्म लागतो. या फॉर्मांमध्ये जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. फॉर्म बिनचूक असूनही कुत्रा गुरगुरला किंवा लोकांवर उड्या मारू लागला, तर कंपनी त्याला नाकारू शकते.

जातीवरून मात्र नाकारता येत नाही, म्हणजे पिटबुलही चालतो. सर्व्हिस डॉगला भाडे नाही. त्याची जागा मालकाच्या पायाशी. मांजर, पोपट किंवा छोटा घोडा कितीही हुशार असला तरी या नियमात बसत नाही.

भारतातून कुत्रा अमेरिकेला नेणाऱ्यांची गल्लत वेगळीच असते. विमान कंपनी ‘हो’ म्हणाली की झाले, असे त्यांना वाटते. पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या यादीत भारत रेबीजचा जास्त धोका असलेला देश आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि मायक्रोचिप बसवलेला असावा लागतो. रेबीजची लस भारतात दिली असेल, तर सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेले कागद आणि उतरण्याच्या विमानतळावर मान्यताप्राप्त प्राणी-देखभाल केंद्रातले आरक्षण लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रक्ततपासणी अहवाल नसेल, तर कुत्र्याला विलगीकरणात राहावे लागते. सर्व्हिस डॉगलाही यातून सूट नाही. ही तयारी आठवडाभरात होत नाही, म्हणून तिकीट काढण्याआधीच पशुवैद्यकाकडे जा.

आणि तुमच्या कुत्र्याला असे कोणतेही काम शिकवलेले नसेल, तर कृपा करून त्याला ‘सर्व्हिस डॉग’चे जाकीट चढवू नका. पाळीव प्राण्याचे भाडे भरा आणि त्याला रीतसर घेऊन जा.