रक्ती हगवण : आधी गादीची ओल बघा

आज कोंबडीच्या पिलांविषयी बोलू.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज घेऊन शंभर पिलं आणली. मानमोडीची लसही दिली होती. तरी चौथ्या आठवड्यात पिलं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागली. आम्हाला वाटलं, झडीचा गारठा असेल. मग विष्ठेत रक्त दिसलं. कुणी सांगितलं म्हणून जंताचं औषध पाजलं. डॉक्टर येईपर्यंत बावीस पिलं गेली. हप्ता मात्र थांबत नाही.

डॉक्टर म्हणाले, ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. हा जंत नव्हे. आयमेरिया नावाचा, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी आहे. तो आतड्याचं अस्तर फोडतो, म्हणून रक्त पडतं. जंताच्या औषधाने तो मरत नाही, मानमोडीच्या लसीने अडत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना धोका जास्त.

तो पसरतो कसा? आजारी पिलाच्या विष्ठेतून त्याची बीजं बाहेर पडतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती आजार द्यायला तयार होतात. दुसरी पिलं टोचता टोचता ती गिळतात. साध्या फिनेलने ही बीजं मरत नाहीत. त्यांना कोरडेपणा सोसत नाही.

म्हणून रोज मूठभर भुसा दाबून बघा. गोळा झाला तर गादी ओली आहे. ओला भुसा काढा, कोरडा टाका, गादी रोज खालीवर करा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, म्हणजे सांडणार नाही. दाणे जमिनीवर टाकू नका. पिलांची दाटी करू नका. मोठ्या कोंबड्यांत पिलं सोडू नका. त्या धडधाकट दिसल्या तरी विष्ठेतून बीजं टाकत असतात.

रक्त दिसलं तर त्याच दिवशी आजारी पिलं वेगळी करा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, नाहीतर 1962 वर फोन लावा. अँप्रोलियम हे औषध पिण्याच्या पाण्यातून देतात. प्रमाण डॉक्टरच सांगतील. ते चालू असताना बी-1 जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका, औषधाचा गुण कमी होतो. मेलेली पिलं चुना टाकून खोल पुरा.

ताईंनी पुढची पिलं आणण्याआधी खुराड्याचं गळतं पत्र बदललं, जुनी गादी सगळी काढली. तीच पिलं विकून कर्ज फिटलं. तुम्हीही आज खुराड्यातला भुसा मुठीत दाबून बघा.