भोनची विटांची वस्ती

प्राचीन शहरं म्हटलं की आपण हडप्पा-मोहेंजोदडोकडे धाव घेतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या, संग्रामपूर तालुक्यातल्या भोनकडे फारसं कुणी पाहत नाही. पूर्णाकाठच्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. दोन हजार वर्षांहून जुने. आणि विहिरी! भाजलेल्या मातीची गोल कडी एकावर एक रचून खोल नेलेली, म्हणजे काळ्या मातीतही विहीर ढासळत नाही. असली कामं करणाऱ्यांना पोसायचं तर शेतात पोटापुरतं पिकून भागत नाही, वर उरावं लागतं. हडप्पा याच्या दोन हजार वर्षं आधीची, हे खरंच. पण विदर्भात नागरी जीवन कसं रुजलं हे भोनशिवाय कळणार नाही. जिगाव धरणाच्या पाण्याखाली जाण्याचा धोका या जागेला आहे.