राज्य एक झालं, अनुशेष का उरला?

१८१६ साली अमेरिकेने आयात मालावर संरक्षक जकात बसवली. हेतू राष्ट्रीय होता. पण पुढे जकाती वाढत गेल्या, तसा फायदा उत्तरेच्या कारखान्यांना झाला आणि कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेला तयार माल महाग पडू लागला.

आपल्याकडेही एकीच्या पोटात अशीच शंका होती. मुंबई-पुणे पुढे जाईल, आपण मागे राहू, असं विदर्भ-मराठवाड्याला वाटे. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला: खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्यांत वाटा, मराठवाड्याकडे खास लक्ष, वर्षातून एक अधिवेशन नागपूरला.

१ मे १९६० ला राज्य आलं. नागपूरला अधिवेशन भरू लागलं, खर्चाचा हिशेब मात्र जुळेना. शेवटी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर समिती नेमावी लागली. तिने रस्ते, सिंचन, शाळा असा एकेक अनुशेष मोजला. १९९४ मध्ये विकास मंडळं आली.

आता आपलं बघा. बेगडेवाडीवरून मुंबई-पुण्याची रेल्वे जाते. एका बाजूला पिंपरी-चिंचवड, दुसरीकडे तळेगाव. ज्याच्या दारात गाडी थांबते, त्याला अनुशेष दिसत नाही. म्हणून तक्रार ऐकली की लगेच ‘हे फुटीर’ म्हणू नये. आधी करारातलं किती पाळलं, ते विचारावं.