जुन्या खिळ्यांवर नवा गॅस गिझर? आधी धुराची वाट बघा

आज बोलतोय जेद्दातून, पण विषय आहे पुण्या-नाशिकच्या आपल्या घरांतला. इथे जेद्दात बहुतेक घरांत पाणी विजेवर तापतं, त्यामुळे गॅस गिझर आपल्या डोक्यातून निघूनच जातो. तिकडे आई-बाबा मात्र रोज तोच वापरत असतात.

गेल्या डिसेंबरात शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला. "अरे, गिझर गळतोय. दुकानदार उद्या नवीन बसवून देतोय. खिळे तेच, पाइप तेच, तासाभराचं काम." मी हो म्हणणारच होतो. पण आमच्या कामात जुनी सिस्टीम काढून नवी बसवताना एक गोष्ट शिकायला मिळते: घोटाळा नव्या पेटीत कमी आणि जुन्या जोडण्यांत जास्त असतो. म्हटलं, "आई, जरा व्हिडिओ लाव आणि गिझरच्या आजूबाजूचं दाखव."

अकरा वर्षांपूर्वी तो गिझर बाथरूमबाहेरच्या उघड्या ड्राय बाल्कनीत लावला होता. धूर सरळ आकाशात जायचा. मग कबुतरं आली म्हणून जाळी लागली. पाऊस आत येतो म्हणून सरकत्या काचा लागल्या. बाथरूमच्या काचपट्ट्यांची खिडकी त्याच बाल्कनीत उघडते. म्हणजे गिझर जागचा हलला नव्हता, पण त्याच्या भोवती आम्हीच एक खोली बांधली होती. आणि तिचा धूर जायला उरलेली वाट होती आईच्या बाथरूममधून.

यात धोका नेमका कसा, ते बघू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा छोटा गिझर दहा मिनिटांत ढोबळ हिशेबाने दोन घनमीटर हवा वापरतो. आपल्याकडचं लहान बाथरूम असतं साधारण पाच घनमीटरचं. बाहेरून हवा आली नाही, की प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास येतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला तसं काहीच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. कडी काढायला हात उचलावा, तर तोही उचलत नाही. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गॅस गिझरवरच आला होता.

म्हणून गिझर बदलताना फिटरदादांना चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, धूर कुठे जाणार? साध्या छोट्या गिझरला धुराची नळीच नसते. तो बाथरूममध्ये नको आणि बंद बाल्कनीतही नको. नळीवाला असेल तर तिचं तोंड मोकळ्या हवेत हवं. इमारतीच्या डक्टमध्ये सोडलं, तर आपला धूर शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये जातो.

दुसरी, नळी नवी की जुनी? व्यास, लांबी आणि उतार नव्या गिझरच्या पुस्तिकेप्रमाणेच हवा. जुनी गंजलेली नळी पट्टी गुंडाळून पुन्हा लावू देऊ नका.

तिसरी, हवा आत कुठून येणार? खाली कायम उघडी राहील अशी जाळी लागते. एक्झॉस्ट पंख्यावर विसंबू नका. हवा आत यायला वाट नसेल, तर तोच पंखा नळीतला धूर उलटा आत ओढतो.

चौथी, गेल्या वेळेपासून घरात काय बदललं? काचा, फर्निचर, बुजवलेला झरोका, सगळं सांगा. फिटरला जुनं घर माहीत नसतं, तुम्हाला असतं.

इंग्लंडमधल्या श्रोत्यांनो, तुमच्या बॉयलरलाही हेच लागू आहे. धुराची नळी नव्या बॉयलरसाठी मान्य केलेलीच हवी, आणि काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्याच माणसाचं. अमेरिका-कॅनडात जुनी विटांची चिमणी असेल, तर नव्या बॉयलरचा धूर थंड आणि ओलसर असतो हे लक्षात ठेवा. त्याचं आम्लयुक्त पाणी चिमणी आतून खातं. त्यामुळे बहुतेक वेळा वेगळी नळी घालावी लागते.

एक अलार्मही जरूर घ्या, पण खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड लिहिलंय ना ते बघून. स्वयंपाकघरात लावायचा गॅसगळतीचा अलार्म यासाठी चालत नाही. आणि अंघोळीत चक्कर आली, तर पाणी बंद करत बसू नका, आधी बाहेर पडा. दुसरं कोणी आत पडलं असेल, तर दार-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि महाराष्ट्रात 108 ला फोन करा.

आमच्याकडे शेवटी पंख्याने धूर बाहेर ढकलणारा गिझर आला. सरकत्या खिडकीच्या एका काचेजागी पत्रा बसवून नळी त्यातून पार बाहेर काढली, खाली हवेची जाळी लावली, बाथरूमची ती खिडकी कायमची बुजवली आणि बाथरूमच्या हवेसाठी दुसऱ्या भिंतीत बाहेर उघडणारा झरोका केला. तासाभराचं काम तीन दिवस चाललं. आई कुरकुरली, "अकरा वर्षं काही झालं नाही, आणि तुला तिथे बसून सगळं दिसतं!" मग थांबून म्हणाली, "पण खरं सांगू? अंघोळीनंतर डोकं जड व्हायचं. मला वाटायचं, वय झालं."

मंडळी, आज घरी फोन कराल तेव्हा जेवलात का, हे विचारालच. सोबत गिझरपाशीही व्हिडिओ लावायला सांगा. येतो, नमस्कार.