एनिग्मा यंत्राचें कोडें

एनिग्मा या जर्मन गूढलेखनयंत्राचीं कोडीं सोडवूं पाहणाऱ्यानें एक गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी : या यंत्रांतून कोणतेंहि अक्षर स्वतःच्या रूपानें कधींच बाहेर पडत नाहीं. टोकाच्या परावर्तक चक्रावरून विजेचा प्रवाह परततो तो निराळ्याच वाटेनें. म्हणून संदेशांत ‘वेटर’, म्हणजे हवामान, हा जर्मन शब्द असावा असा तर्क करून तो गूढाक्षरांखालीं सरकवीत न्यावा. एक जरी अक्षर वरखालीं जुळलें, कीं ती जागा बाद! १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत ब्लेचली पार्क येथें मेव्हिस लिव्हर या तरुणीला एका इटालियन संदेशांत ‘एल’ हें अक्षर मुळींच आढळेना. पाठविणाऱ्या आळशी गृहस्थानें चांचणीसाठीं केवळ ‘एल’चीच कळ दाबली होती! तेवढ्यावरून तिला चक्राच्या अंतर्गत जोडणीचा माग लागला.